बारा पांढऱ्यांचं कार्ड

४ जानेवारी

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार घालायला या खोलीत जागा नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घ्या. रुग्णालयाने मला शेवटी स्वतंत्र खोली दिली, तीही तळघरात, धुलाईखान्याला चिकटून. भिंतीपलीकडे चादरी घुसळणारं यंत्र चालू असलं की माझा कॅमेरा थरथरतो, म्हणून मी फोटो त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत काढतो आणि स्वतः नंतर थंडगार डबा खातो. तक्रार नाही, आपलं सांगितलं.

सोबत तिघांचे फोटो आहेत. एक गणिताच्या बाई, शाळेत शिकवतात, डावा डोळा गेलाय. दुसरा बेकरीवाला आणि तिसरा लिफ्ट दुरुस्त करणारा, दोघांचा उजवा. फोटो अर्थात शाबूत डोळ्यांचे, त्यांच्यावरून तुम्ही दुसरा, कृत्रिम डोळा रंगवायचा. आधी ते खिडकीशी नेऊन बघा, मगच पुढचं वाचा.

बघितलेत? बुबुळाच्या गडद भागात दाणे दिसतात का सांगा. गेल्या वर्षी तुम्ही लिहिलं होतंत, "तुझ्या फोटोत काळ्या बुबुळावर कोणीतरी वाळू भुरभुरलीय, रंगवू काय कपाळ?" ते मला चांगलंच झोंबलं होतं. मी फोटो कायम कॅमेऱ्याच्या सगळ्यात खालच्या संवेदनशीलतेवर काढतो, शंभरावर, तरी दाणे येत होते. मग शोधून काढलं की त्या शंभरावरसुद्धा सेन्सरचं मोजमाप कारखान्यानेच आतल्या आत थोडं फुगवून ठेवलेलं असतं. मी कॅमेऱ्याच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये शिरलो आणि ते फुगवणं कमी केलं. चार आकडे बदलले, बस्स. आता सेन्सरमध्ये जास्त उजेड मावतो आणि अंधाऱ्या भागातले दाणे पार जातात. तीन रविवार गेले त्यात. बायको म्हणाली, दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघताय तेवढं कधी घरच्यांच्या बघा.

तुमचं पांढऱ्याच्या बारा छटांचं कार्ड तुमच्या हुकमाप्रमाणे प्रत्येक फोटोत गालाला टेकवलेलं आहेच. बाराच्या बारा चौकोन मोजून घ्या.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
घाईराव

●

१७ जानेवारी

घाईराव,

आशीर्वाद आहेत, पण आधी कामाचं. फोटो मिळाले. मी ते खिडकीशी नेले, मग अंगणात नेले, मग काकूला बोलावून दाखवले. ती म्हणाली, डोळा आहे, त्यात काय एवढं. तिला काय कळतंय. बाईंच्या बुबुळाच्या बाहेरच्या काळ्या कडेत एक तपकिरी रेघ आहे. माणूस समोर बसवूनही ती मला कधीकधी दिसत नाही. तुझ्या फोटोत दिसली. शाबास. हा शब्द मी जपून वापरतो, हवं तर तुझ्या बापाला विचार, त्याला आयुष्यात दोनदाच मिळाला.

गुडघ्यांनी दगा दिला, पेशंटकडे जाणं संपलं, तेव्हा मला वाटलं होतं आपलं काम आता मिटलं. फोटोवरून डोळा रंगवायचा म्हणजे फोटोवरून जेवायचं, असं मी तुला म्हणालो होतो. ते शब्द मागे घेतो.

एक शंका आहे. डोळ्याचा पांढरा मला जरा गुलाबी वाटला. तिघांचाही. तिघांना एकदमच सर्दी झाली होती का रे? पण मग मी माझं मूळ कार्ड काढलं, तुझ्या फोटोतल्या कार्डाशेजारी धरलं, आणि बाराही चौकोन एकेक करून ताडून बघितले. बरोब्बर जुळले. म्हणजे फोटो खरा. कार्ड खरं तर फोटो खरा, हा आपला करार, त्यात माझ्या वाटण्याला किंमत नाही. मी दिसला तसा पांढरा रंगवला, शिरांसाठी लाल रेशमाचे धागे उलगडून एकेक बसवले, वरून पारदर्शक थर दिला. तिन्ही डोळे उद्या टपालात टाकतो. डबी सांभाळून उघड, मागच्या वेळी एक तुझ्या टेबलाखाली गेला होता.

इतकं मन लावून काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

काका

●

२२ मार्च

तीर्थरूप काका,

पत्राला उशीर झाला, कान धरतो. इथे फार गडबड आहे.

कसं लिहावं कळत नाही. गणिताच्या बाई परत आल्या होत्या. डोळा बसतो छान, हलतोही छान, बुबुळ तर ओळखू येत नाही इतकं जुळलंय. पण पांढरा वेगळा दिसतो, लालसर. वर्गातल्या एका मुलीने त्यांना विचारलं, "बाई, तुम्ही एकाच डोळ्याने रडलात का?" बाई हसत हसत सांगत होत्या, पण आता त्या फळ्याकडे तोंड करूनच जास्त शिकवतात म्हणे. गेल्या आठवड्यात बेकरीवालाही आला. त्याचंही तेच. लिफ्टवाल्याने काळा चष्मा घेतलाय.

तुम्हाला दोष देत नाही, गैरसमज नसावा. एखादा रंग जुना झाला असेल, किंवा वरच्या थराने रंग बदलला असेल. तुम्ही एकदा तपासून बघाल का?

घाईराव

●

२ एप्रिल

चिरंजीव,

तुझं पत्र आल्यापासून दुसरं काही केलेलं नाही. रंगाच्या बाटल्या तपासल्या, ताज्या आहेत. वरचा थर तोच, बारा वर्षं वापरतोय. उरलेल्या रंगाचा ठिपका जपून ठेवला होता, तो फोटोशी लावला तर फोटोशी जुळतो. आणि फोटो कार्डाशी जुळतो. मग चूक राहते कुठे? माझ्या डोळ्यांत. दुसरी जागाच उरत नाही.

काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरलाय. ते म्हणाले, या वयात असतोच, अजून कोवळा आहे, एवढ्यात घाई नाही. मी विचारलं, याने रंग चुकतो का? म्हणाले, थोडाफार फरक पडू शकतो. झालं. मला ऐकायचं ते ऐकलं.

एकेचाळीस वर्षं. किती लोकांच्या चेहऱ्यावर माझं काम आहे याचा मी कधी हिशेब ठेवला नाही. आता रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं की मी त्याच्या डोळ्याकडे बघतो आणि वाटतं, हाही चुकलाय का? गेली किती वर्षं चुकतोय मी? लोक भिडेखातर बोलत नसतील.

लाज वाटते रे. त्या बाई पोरांसमोर फळ्याकडे तोंड करून उभ्या राहतात, ते माझ्यामुळे. तू इतके सुंदर फोटो काढलेस आणि मी त्यांचं मातेरं केलं. तुझंही तिथे नाव खराब झालं असेल, त्याबद्दल मला माफ कर.

आता नवीन काम पाठवू नकोस.

काका

●

११ एप्रिल
(हे पत्र टपालात पडलं नाही.)

काका,

तुमचे डोळे चांगले आहेत.

काल मी एक पांढरी बशी घेतली. एकदा कारखान्याच्या आकड्यांवर फोटो काढला आणि एकदा माझ्या. दोन्ही छापून शेजारी ठेवले. माझ्या फोटोतली बशी गुलाबी आहे. मी मोजमाप कमी केलं ते फारच कमी केलं. अंधाराकडचं सुधारलं, पण उजेडाकडे सेन्सर आधीच भरून जातो आणि तिथे तिन्ही रंगांचं प्रमाण बिघडतं. पांढरा सगळ्यात उजळ, म्हणून मार त्यालाच. डोळा ओला असतो, तो तर जास्तच चमकतो.

आणि कार्ड. काका, जानेवारीत कार्डही गुलाबीच आलं होतं. मला वाटलं, शंभर जणांच्या गालाला लागून मळलं असेल. तुम्ही फोटो परत पाठवाल, तीन रविवार पाण्यात जातील, म्हणून मी जुन्या फोटोतलं कार्ड कापलं आणि नव्या फोटोत चिकटवलं. तिघांच्याही. म्हणून ते तुमच्या कार्डाशी जुळलं. जुळणारच.

तुम्हाला गुलाबी दिसलं ते

●

१२ एप्रिल

तीर्थरूप काका,

पत्र वाचून वाईट वाटलं. तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. माझं नाव वगैरे काही खराब झालेलं नाही. शेवटी वय कोणाला चुकलंय? एकेचाळीस वर्षं तुम्ही मान मोडून काम केलंत, आता जरा आराम करा. काकूंना घेऊन कुठेतरी फिरून या.

डॉक्टर म्हणतात तर डोळ्यांचंही बघून घ्या. आजकाल अर्ध्या तासाचं काम असतं.

बाकी सर्व ठीक.

घाईराव

●

२६ एप्रिल

चि. घाईराव यास काकूचे आशीर्वाद.

मी पत्र लिहिते म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तुला कळलं असेलच. यांना न सांगता लिहितेय, ते झोपलेत.

तुझ्या काकांनी ब्रश देऊन टाकले. पलीकडच्या गल्लीतल्या पाटीरंगाऱ्याला बोलावलं आणि सगळा जुडगाच त्याच्या हातात ठेवला. त्या बिचाऱ्याला एवढ्या बारीक ब्रशांचं काय करावं ते कळेना, म्हणाला, याने मी फारतर स्वल्पविराम काढीन. हे हसले नाहीत. तुझे काका आणि असल्या विनोदाला हसले नाहीत, म्हणजे बघ.

दिवसभर घरात पांढरं शोधत फिरतात. उशीचा अभ्रा, दुधाचं पातेलं, माझे केस. मला विचारतात, यातलं जास्त पिवळं कोणतं? मी सांगितलं की म्हणतात, मलाही तेच वाटलं होतं, पण माझं काय खरं. काल त्यांनी त्या तिन्ही लोकांना माफीची पत्रं लिहिली. प्रत्येकाला वेगळं, स्वतःच्या हाताने. मी म्हटलं, अहो एवढं कशाला? तर म्हणाले, चेहऱ्यावरची चूक आहे, कागदावर तरी कबूल करू दे.

आता ऑपरेशनचं डोक्यात घेतलंय. डॉक्टर म्हणाले होते थांबा, हेच मागे लागले. सहा मेला उजवा डोळा.

मी शिकलेली नाही फारशी, पण संसार याच माणसाशी केलाय. पातेल्याला पडलेला डाग त्यांना माझ्याआधी दिसतो, अजूनही. म्हणून तुला सरळ विचारते. चूक नक्की यांचीच आहे ना? तू तिथे आहेस, तुला यंत्रातलं कळतं. यांचीच असेल तर मी गप्प बसेन. पण नक्की सांग.

काकू

●

४ मे

काका,

हे पत्र काकूंच्या पत्राचं उत्तर आहे, पण लिहायचं तुम्हालाच आहे.

परवा गणिताच्या बाई तुमचं पत्र घेऊन आल्या होत्या. मला वाचायला दिलं. "माझ्या नजरेच्या दोषामुळे आपल्याला चारचौघांत जो संकोच सोसावा लागला" असं तुम्ही लिहिलंय. तुमचं ते सरळ, टाके मोजून घालावेत तसं अक्षर. मी ते वाचलं आणि मला काही बोलता आलं नाही.

तुमच्या नजरेत दोष नाही. चूक माझी आहे. मी सेन्सरचे आकडे बदलले त्याने उजेडाकडचे रंग बिघडले, पांढरा गुलाबी झाला. ते मला कार्डावर दिसलं होतं. मी कार्ड मळलंय असं स्वतःला पटवलं आणि जुन्या फोटोतलं कार्ड कापून चिकटवलं. तिन्ही फोटोंत कार्ड जुनं आहे आणि डोळा नवा. तुम्ही ज्याच्याशी ताडून बघितलंत ते खोटं होतं.

हे मला दहा एप्रिलपासून माहीत आहे. अकराला मी तुम्हाला लिहायला बसलो होतो. अर्धं लिहिलं आणि खिशात घातलं. बाराला तुम्हाला आराम करा म्हणून लिहिलं. असं का केलं याला माझ्याकडे कारण नाही. तुम्ही मला शाबास म्हणाला होतात, ते मला सोडवत नव्हतं, एवढंच सापडतं. आणि तुम्हीच स्वतःला दोष दिलात, मला काही करावंच लागलं नाही. मी फक्त गप्प बसलो. गप्प बसणं फार सोपं असतं, काका.

कॅमेऱ्याचे आकडे मी परत पहिल्यासारखे केलेत. ऑपरेशन जमलं तर पुढे ढकला.

तोंड दाखवायला जागा नाही.

घाईराव

●

१० मे

घाईराव,

तुझं पत्र आठ तारखेला आलं. यांचं ऑपरेशन सहाला झालं.

तारीख मी तुला कळवली होती. तुझ्याकडे फोन आहे. आमच्याकडेही आहे, ओट्याच्या वरच्या फळीवर, आणि तो वाजतो. तू चार तारखेला पत्र टपालात टाकलंस. इथे यायला चार दिवस लागतात हे तुला गेली कित्येक वर्षं माहीत आहे. मी तुझ्या हातात दिवा दिला होता आणि तू तो विझल्यावर घेऊन आलास. मी यापेक्षा जास्त बोलत नाही, कारण बोलायला लागले तर तुझ्या आईचंही नाव येईल, आणि ती माझी जाऊ असली तरी यात तिचा काही गुन्हा नाही.

यांच्या डोळ्यावर पट्टी होती, वाचायला बंदी होती. म्हणाले, घाईरावाचं पत्र आलंय ना, वाच. मी पाकीट फोडलं, पहिल्या चार ओळी मनात वाचल्या आणि म्हटलं, सगळं ठीक आहे, तुम्हाला नमस्कार सांगितलाय. लग्न झाल्यापासून मी यांना एवढं मोठं खोटं सांगितलं नव्हतं. ते तुझ्यापायी सांगितलं.

काल पट्टी काढली. सगळं निळसर दिसतंय म्हणतात. अभ्रा बघून म्हणाले, नवा आणलास का? डॉक्टर म्हणाले, आतली पिवळी झालेली काच काढली, आता दिसतोय तो खरा रंग, सवय होईल. यांनी विचारलं, मग मी एकेचाळीस वर्षं शिकलो ते रंग कोणते? डॉक्टरांना वाटलं गंमत करताहेत.

ते पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवलंय. वाचून दाखवणार नाही. तू ये आणि तोंडाने सांग. येणार नसशील तर तसं कळव, मग मी वाचेन, पण मग पुन्हा या घराची पायरी चढू नकोस.

काकू

●

१९ जून

घाईराव,

तू आलास, खुर्चीच्या कडेवर बसलास आणि सगळं सांगितलंस. मी एक शब्दही बोललो नाही आणि तू उपाशी परत गेलास. काकूला नंतर त्याचंच वाईट वाटत राहिलं. मला राग आला होता, आणि रागात मला वाक्यं जुळवता येत नाहीत. आता महिना झालाय, आता लिहितो.

आकडे चुकले त्याचं मला काही नाही. मी उमेदवारीत असताना एका दरवानाचा उजवा डोळा डाव्या बाजूचा करून दिला होता. बिचारा कायम नाकाकडे बघायचा. माझ्या गुरूने कान लाल होईपर्यंत पिळला, पण दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचं काम परत माझ्याच हातात दिलं. चुकेल तो शिकेल.

कार्डाचं मात्र मला गिळता येत नाही. मला गुलाबी दिसलं होतं रे. जानेवारीत, पहिल्याच दिवशी, पहिल्याच नजरेला मला बरोबर दिसलं होतं. मी तुला लिहिलंही होतं. आणि तू चिकटवलेल्या तुकड्यासाठी मी माझ्या डोळ्यांना खोटं पाडलं. मग एप्रिलमध्ये तुला खरं कळलं, आणि तू मला लिहिलंस, वय कोणाला चुकलंय. ते पत्र मी काकूला दोनदा वाचायला लावलं होतं. पोराला किती काळजी आहे बघ, असं म्हणालो होतो.

ते असो. उजव्या डोळ्याला अजून सगळं निळसरच दिसतं. डावा जुना आहे. डॉक्टर म्हणाले, तोही करून टाकू. मी म्हटलं, हात लावू नका, तो माझा कामाचा डोळा आहे. आता उजवा मिटून रंग कालवतो. काकू म्हणते, खिडकीत बसून असं करू नका, समोरच्या बाईला वाटेल म्हातारा डोळा मारतोय. पाटीरंगाऱ्याने ब्रश परत आणून दिले. एकही वापरला नव्हता, भल्या माणसाने.

गणिताच्या बाई पुढच्या रविवारी इथेच येताहेत. फोटो नको, समोर बसवून रंगवणार. जमेल की नाही माहीत नाही. हात कापत नाही, पण मनात येतं की आपल्याला दिसतंय ते खरं का. असं पूर्वी कधी येत नव्हतं. ते जाईल की राहील हे मला सांगता येत नाही.

तू आकडे परत पहिल्यासारखे केलेस म्हणालास. का? अंधारातली ती तपकिरी रेघ खोटी नव्हती. नीट बसून काम कर, उजेडाचं टोक सांभाळ, आणि घाई करू नकोस.

आता एक काम. त्या तिघांच्या घरी माझ्या सहीचं पत्र पडलंय. त्यात लिहिलंय ते खरं नाही. मला ते माहीत नव्हतं. ते तू निस्तर. काय लिहिशील ते मला दाखवू नकोस.

जाताना दारात काकूला विचारलंस म्हणे, काकांनी मला माफ केलं का. मी आतच बसलो होतो. मला विचारायचं होतंस. अजून केलेलं नाही.

काका

●

२३ जून

गणिताच्या बाईंना सविनय नमस्कार.

मी रुग्णालयाच्या तळघरातला फोटोवाला. तुमच्या डोळ्याचा फोटो मीच काढला होता.

तुमचा डोळा रंगवणाऱ्यांनी तुम्हाला एप्रिलमध्ये माफीचं पत्र लिहिलं. त्यात त्यांनी नजरेच्या दोषाबद्दल लिहिलंय. त्यांच्या नजरेत दोष नव्हता. मी कॅमेऱ्यात असे बदल केले होते की पांढरा रंग फोटोत गुलाबी यायचा. तो खरा आहे असं त्यांना वाटावं म्हणून मी फोटोत दुसऱ्या फोटोचा तुकडा चिकटवला. त्यांनी फोटोत होतं ते हुबेहूब रंगवलं. तुम्हाला वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागलं, ते माझ्यामुळे. बेकरीवाल्यांना आणि लिफ्टवाल्यांनाही मी असंच लिहिलं आहे.

तुम्हाला मात्र आणखी एक लिहायचं आहे. तुम्ही ते पत्र घेऊन माझ्याकडे आलात तेव्हा खरं काय ते मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "किती चांगला माणूस, यांचं खरंच चुकलं असेल का हो?" तुम्हाला आठवत असेल मी काय उत्तर दिलं. मी म्हणालो, "हो, वय झालंय त्यांचं." मग तुम्ही निरोप दिलात की त्यांना सांगा, एवढं मनाला लावून घेऊ नका, डोळा तसा छान आहे. तो निरोप मी पोचवला नाही. काकांना मी लिहिलं की पत्र वाचून मला काही बोलता आलं नाही. त्यांच्यासमोर बसून सगळं कबूल केलं, तेव्हाही तेवढं गाळलं.

रविवारी तुम्ही त्यांच्याकडे जाताय. ते तास-दीड तास तुमच्या डोळ्यांत बघत बसतील आणि तुम्हाला बोलतं करतील, त्यांची सवय आहे. तुमचा निरोप तुम्हीच त्यांना द्या. आणि मी त्या दिवशी त्यांच्याबद्दल काय म्हणालो होतो, तेही सांगा. मला त्यांच्या तोंडावर ते सांगता आलेलं नाही.

त्यांचं पत्र फाडून टाका. हे ठेवा.

आपला,
ज्याने फोटो काढला तो